कंसाबाहेरची आत्या

कुटुंबात कोण मोडते आणि कोण मोडत नाही, हे आपल्याकडे आजवर पंगतीला मांडलेल्या पाटांवरून ठरत आले. सरकारला मात्र पाट मोजत बसायला सवड नसते. त्याने हे काम एका कंसात उरकले आहे. त्या कंसाशी माझी गाठ पडली ती नेपाळला जाण्याच्या खटपटीत.

आमचे बिऱ्हाड पिंपरीच्या संत तुकाराम नगरातले. खाणारी तोंडे सात: मी, सौ., १६ वर्षांचे चिरंजीव, ११ वर्षांची कन्या, सत्तरी ओलांडलेले आईवडील आणि ६२ वर्षांची आत्या. गेल्या उन्हाळ्यात या साऱ्या लवाजम्याला कॅम्पर व्हॅनमध्ये घालून नेपाळ गाठायचा बेत ठरला. कॅम्पर व्हॅन म्हणजे चाकांवरचे बिऱ्हाड. मागे झोपायच्या फळ्या, कोपऱ्यात पाण्याची टाकी, शेगडी आणि मसाल्याचा डबा. धुळे, इंदूर, झाशी, कानपूर, लखनौ, गोरखपूर करीत सोनौलीच्या नाक्यावर जायचे. आईला पशुपतिनाथ हवा होता, वडिलांना लुंबिनी आणि मुलांना बर्फाचे डोंगर. आत्याला विचारले, तर म्हणाली, “तुम्ही न्याल तिथे.”

मला धास्ती होती ती गाडीच्या कागदांची. आपली मोटार घेऊन इराण-तुर्कस्तानमार्गे युरोपात जायचे, तर ‘कार्नेट’ नावाचे बाड लागते. मुंबईची वेस्टर्न इंडिया ऑटोमोबाइल असोसिएशन ही ते देणारी एक जुनी संस्था. हा मोटारीचा पासपोर्टच! त्याच्या पानावर गाडी देशात शिरताना एक शिक्का आणि बाहेर पडताना दुसरा. दुसरा शिक्का नसेल, तर गाडी तिथेच विकली असे समजून जकात वसूल करतात, आणि त्यासाठी आधीच भक्कम तारण ठेवून घेतात. माणूस हरवला तर चालेल, पण गाडी हरवता कामा नये, असा हा हिशेब.

नेपाळचे मात्र निराळे. ३१ जुलै १९५० च्या मैत्री करारापासून दोन्हीकडच्या माणसांना ये-जा मोकळी आहे. साडेसतराशे किलोमीटरांच्या या सीमेवर व्हिसा नाही आणि आपल्या गाडीला कार्नेटही नाही. नाक्यावर नोंदणीचे पुस्तक, विमा आणि परवाना दाखवायचा, जितके दिवस राहायचे तितक्या दिवसांचा आकार भरायचा आणि पावती घ्यायची. विमा कंपनीला आधी कळवून, जादा हप्ता देऊन, पॉलिसीची हद्द नेपाळपर्यंत वाढवून घ्यावी लागते, एवढेच. गाडीचा प्रश्न एका दुपारीत सुटला.

अडले ते माणसांपाशी. एका रात्री जेवणानंतर वडील नियम मोठ्याने वाचू लागले. प्रौढ माणसाला पासपोर्ट किंवा निवडणूक आयोगाचे ओळखपत्र हवे. ६५ च्या वरच्यांना आणि १५ च्या खालच्यांना वय आणि ओळख पटवणारा कोणताही फोटोचा कागद चालतो. म्हणजे आईवडील आणि कन्या सुटली. १५ ते १८ च्या मुलांना मुख्याध्यापकांचा दाखला पुरतो. ज्या शाळेने चिरंजीवांना वर्गाबाहेर उभे केले, तिच्याच शिक्क्यावर ते देशाबाहेर जाणार, म्हणून आम्ही हसलो. आणि कुटुंब एकत्र जात असेल, तर एका प्रौढाकडे योग्य कागद असला की पुरे. बाकीच्यांनी फोटोची ओळख आणि नात्याचा पुरावा, उदाहरणार्थ रेशनकार्ड, दाखवावा. सौ.ही सुटली.

पण कुटुंब या शब्दापुढे कंस होता: पती, पत्नी, अज्ञान मुले आणि आईवडील. वडिलांनी कंस वाचला आणि ते थांबले. बहीण त्यात नव्हती.

आत्या स्वयंपाकघरात ओटा पुशीत होती. तिथूनच म्हणाली, “मग मी घर राखते. कुणी तरी लागतेच की.” लग्नानंतर ११ महिन्यांनी ती आमच्या घरी परतली, ती कायमचीच. मला शाळेत सोडणारी ती, आणि माझ्या मुलांच्या तापात रात्री जागणारीही तीच. आई बोलली नाही. वडिलांनी चष्मा काढून ठेवला आणि म्हणाले, “ती नाही, तर मीही नाही.”

हात पुसून आत्या आत गेली आणि बिस्किटांचा जुना डबा घेऊन आली. त्यात प्लॅस्टिकच्या पिशवीत मतदाराचे ओळखपत्र होते. दर निवडणुकीला सकाळी अंघोळ करून मत देऊन येण्याचा तिचा परिपाठ. कार्डावर तिचे नाव, खाली ११ महिन्यांच्या संसारातल्या नवऱ्याचे, आणि मागच्या बाजूला आमच्या घराचा पत्ता.

सोनौलीला माझा पासपोर्ट आणि आमची जुडी पाहून अधिकाऱ्याने माणसे मोजली. सहा जुळली. त्याने सातवीकडे पाहिले, तेव्हा आत्याने स्वतःच कार्ड पुढे केले. आपल्या हिंदीत म्हणाली, “साहब, मेरा अलग है.”

मागून वडील घाईघाईने म्हणाले, “अलग नहीं. कागज अलग है. साथ में है.”

अधिकाऱ्याने दोघांकडे पाहिले, कार्ड परत दिले आणि हाताने पुढे जाण्याची खूण केली. पलीकडच्या पाट्या देवनागरीत होत्या. जकातीच्या कचेरीवर ‘भन्सार’ लिहिलेले. पासपोर्टला तिकडे ‘राहदानी’ म्हणतात, हे ऐकून वडिलांना पेशवाईतले राहदारीचे परवाने आठवले. घड्याळे १५ मिनिटे पुढे करायची होती. ती कन्येने केली, आत्याच्या मनगटावरचे सर्वांत आधी.

वाचकहो, दिवाळीची साफसफाई झाली असेल. कपाटातली कागदांची पिशवी हाताशी आहे, तोवर एकदा पाहा. तुमच्याही घरी कंसाबाहेरची एखादी मावशी, एखादा अविवाहित काका, एखादी परतलेली बहीण असेल. त्यांच्या नावाचा कागद आहे का? नसेल, तर निवडणूक कचेरीचा नमुना ६ चा अर्ज भरून द्या. आणि पत्त्याच्या रकान्यात तुमच्या घराचा पत्ता नीट, पूर्ण लिहा.