विमान आधी जमिनीवर शिकता येते का?

आमच्या घरात एक वाद चालू आहे. माझा मामेभाऊ पुण्याहून आला की संगणकावर विमान उडवतो. तो म्हणतो, यामुळे मला खरे विमान लवकर येईल. आमचे काका म्हणतात, "पाण्यात पडल्याबिगर पोहायला येतं व्हय?" काका कामशेतला पॅराग्लायडिंगवाल्यांचे सामान गाडीने टेकडीवर पोचवतात. त्यामुळे घरात त्यांचाच शब्द चालतो.

पण माझे मत थोडे वेगळे आहे. कामशेतलाच बघा ना. शिकाऊ माणसाला आल्या आल्या टेकडीवरून सोडत नाहीत. आधी सपाट माळावर त्या कापडी पंखात वारा भरून तो डोक्यावर धरायला शिकवतात. दिवाळीच्या सुट्टीत एक धिप्पाड गडी वाऱ्याने मागे ओढला जाऊन धपकन बसला. आम्ही खूप हसलो. (हसायला नको होते.) त्याचे फक्त कपडे मळले. हेच कड्यावर झाले असते तर?

अमेरिकेत एडविन लिंक याच्या वडिलांचा वाद्यांचा कारखाना होता. विमान शिकायला पैसे फार लागत, म्हणून लिंकने १९२९ साली जमिनीवरचे खोटे विमान बनवले. ते हलवायला भाते लावले, भजनातल्या पेटीला असतो तसले! लोकांनी त्याला जत्रेतले खेळणेच समजले. पुढे १९३४ साली लष्करी वैमानिकांना टपाल न्यावे लागले. खराब हवेत बरेच जण दगावले. खंडाळ्याच्या घाटात धुके उतरले की समोरची गाडी दिसत नाही, तसेच आभाळातही होते. तेव्हा बाहेर न बघता काट्यांवर विमान चालवावे लागते. ते शिकवायला लष्कराने तीच सहा खेळणी विकत घेतली. आजही इंजिन बंद पडले तर काय करायचे, हे वैमानिक अशाच यंत्रात शिकतात. माणसे भरलेल्या विमानात ते कसे करून बघणार?

पण काकांचेही एक खरे आहे. "खोटं इमान पडलं की बटण दाबायचं, पुन्यांदा वर! भ्या कुठाय त्यात?" शिवाय विमान शिकवणारे सांगतात की घरी संगणकावर शिकलेली मुले बाहेर बघायचे सोडून काट्यांकडेच बघत बसतात. ती सवय मोडायला लागते. घरी चूक दाखवायला कोणी गुरुजी नसतात ना!

व्यावसायिक वैमानिकाच्या परवान्याला आपल्या देशात २०० तास उड्डाण लागते, हे मी मामेभावाला सांगितले. तो गप्प बसला. मग काकांना म्हणाला, मला माळावर न्याल का?

काका म्हणाले, "पाऊस उघडल्यावर ये. आधी धाबार पड, मग बोलू."

— इयत्ता सातवी