लंगडा घोडा आणि जुनी मोटार

विकणाऱ्याने आपल्या मालातील खोट ग्राहकास सांगावी किंवा न सांगावी, हा प्रश्न मनुष्याने बाजार मांडला तेव्हापासून चालत आला आहे. तेराव्या शतकात संत थोमस आक्विनास यांनी आपल्या ‘सुम्मा’ या महाग्रंथात त्याचा विचार केला, तो घोड्याच्या उदाहरणाने. साडेसातशे वर्षांनी तोच प्रश्न आमच्या धर्मग्रामातील एका सज्जनाने आमच्यापुढे ठेवला. घोड्याच्या जागी मोटार आली, एवढाच काय तो भेद. प्रश्न पापनिवेदनातील नव्हे, दप्तरात समोर बसून उघडपणे विचारलेला आहे, आणि इतर कुटुंबांस उपयोग व्हावा म्हणून तो येथे मांडण्यास त्यांची अनुमती आहे.

हे गृहस्थ भंवरकुआं येथील एका शिकवणीवर्गात पदार्थविज्ञान शिकवतात. इंदूरच्या दक्षिणेस आग्रा-मुंबई रस्त्यावरील हा चौक आमच्या वाचकांस ठाऊक आहेच. 1891 साली स्थापन झालेले होळकर विज्ञान महाविद्यालय तेथून जवळ, विद्यापीठाचे आवारही जवळ. त्यामुळे स्पर्धापरीक्षांची तयारी करणाऱ्या मुलामुलींची तेथे अहोरात्र वर्दळ असते. 2021 साली चौकास तंट्या भिल्ल यांचे नाव देण्यात आले, तरी लोकांच्या तोंडी जुनेच नाव आहे. अशा ठिकाणी दिवसाचे आठ-आठ तास उभे राहून शिकवणाऱ्या माणसास एखादा छंद असला, तर त्यास कोण नावे ठेवील? शिवाय इंदूरला मोटारीचे वेड नवे नाही. याच नगरीचे दुसरे यशवंतराव होळकर महाराज यांनी अमेरिकेतील ड्यूसेनबर्ग मोटार घेऊन तिच्यावर लंडनच्या गर्नी नटिंग या कारागिरांकडून केशरी व काळ्या रंगाचा देह चढवून घेतला होता. ती मोटार आजही जगातील जाणत्यांच्या कौतुकाचा विषय आहे. आमच्या शिक्षकमित्रांची ऐपत अर्थातच महाराजांची नव्हे. त्यांनी दोन वर्षे पैसे साठवून घेतली, ती एक जुनी स्टँडर्ड हेरल्ड.

ही गाडी मद्रासच्या स्टँडर्ड कारखान्यात 1961 पासून 1971 पर्यंत निघत असे. तिचे मूळ इंग्लंडातील ट्रायम्फ हेरल्ड, आणि त्याच हेरल्डच्या सांगाड्यावरून 1962 साली स्पिटफायर ही दोन आसनांची, शर्यतीच्या धाटणीची मोटार तेथे निघाली. हेरल्डचे छत बोल्टांनी बसवलेले असते, ते उतरवता येते. म्हणून शौकीन मंडळी ते उतरवून, गाडी खाली बसवून, तिला धाकट्या बहिणीचा तोरा देऊ पाहतात. आमच्या मित्रांच्या गाडीच्या पूर्वीच्या मालकाने हेच केले होते. तांबडा चकचकीत रंग, उघडे छत, पुढे झुकलेले नाक, मागे उचललेली पाठ. पाहताच मन मोहावे अशी ती दिसत होती. एका रविवारी मिस्सा आटोपल्यावर पत्नीला व सात वर्षांच्या कन्येला घेऊन ते खंडवा रस्त्याने भेरूघाट उतरून फिरूनही आले. गाडी खड्ड्यांत आदळते आणि वळणावर बिचकते, एवढेच त्यांच्या ध्यानी आले. म्हणून दुसऱ्या दिवशी त्यांनी ती एका वृद्ध मिस्त्रीकडे नेली. मिस्त्रींनी चारही चाके काढली, गाडीखाली शिरले, आणि बराच वेळ काही बोललेच नाहीत.

मग एकेक गोष्ट उजेडात आली. पुढच्या स्प्रिंगांचे दोन-दोन वेढे गॅसच्या ज्योतीने कापून टाकलेले होते. स्प्रिंग ही पाणी दिलेल्या पोलादाची असते; ज्योतीचा ताप लागला की ते पाणी उतरते, आणि ती केव्हा तुटेल याचा नेम राहत नाही. मागे आडव्या कमानपाट्यांत दुसऱ्याच कोणत्या तरी गाडीचा एक पाटा ठोकून बसवला होता, पाठ उंच दिसावी म्हणून. शॉकअब्सॉर्बर एका बाजूस एका जातीचा, दुसऱ्या बाजूस दुसऱ्या. रबराच्या बुशांऐवजी जुन्या टायरचे कापलेले तुकडे. सांगाड्याच्या एका आडव्या बाहूस तडा गेला होता; त्यावर पत्र्याचे ठिगळ वेल्डिंगने चिकटवून वरून जाड डांबर फासले होते, आणि ते डांबर अगदी ताजे होते.

परंतु मिस्त्रींनी ज्यावर बोट ठेवले, ते यांपैकी काहीच नव्हे. हेरल्डच्या पुढच्या चाकाचा उभा पोलादी दांडा खाली एका पितळी ठोकळ्यात आट्यांनी फिरतो. त्याला ट्रुनियन म्हणतात. चाक वळले की आटे आट्यांत फिरतात. त्या जागी ग्रीस नव्हे, तर गिअरपेटीचे जाड तेल वेळच्या वेळी घालावे लागते, कारण ग्रीस त्या बारीक आट्यांच्या तळापर्यंत पोहोचत नाही. या गाडीत कोणी तरी वर्षानुवर्षे ग्रीसच भरले होते. वरून ओले, आत कोरडे. पाणी शिरून पोलाद गंजले होते, आटे झिजले होते, आणि डाव्या दांड्यावर केसाएवढी चीर दिसत होती. असा दांडा तुटला म्हणजे चाक आतल्या बाजूस दुमडते आणि गाडी चालवणाऱ्याच्या हाती सुकाणू नावापुरते उरते. मागच्या बाजूचाही धोका लहान नव्हता. हेरल्डच्या मागच्या चाकांचे दांडे मधल्या पेटीपाशी झुलतात. वेगात वळण घेतले की बाहेरचे चाक पोटाखाली मुडपू पाहते. गाडीची पाठ जितकी उंच, तितका हा संभव अधिक. म्हणजे ज्या उंच पाठीने गाडी देखणी झाली, त्याच पाठीने ती घातक झाली होती.

“फादर, घाटात माझी मुलगी माझ्या शेजारी उभी राहून टाळ्या वाजवीत होती,” एवढेच बोलून आमचे मित्र काही वेळ गप्प बसले.

आता त्यांचा प्रश्न. दुरुस्तीस लागणारा पैसा त्यांच्याजवळ नाही. गाडीत अडकलेली रक्कम कन्येच्या शाळेसाठी हवी आहे. इतक्यात एक गिऱ्हाईक चालून आले आहे. जेमतेम बावीस वर्षांचा विद्यार्थी, वडिलांकडून पैसे आणून मूळ किंमतीहून अधिक द्यावयास राजी. तो गाडीखाली वाकूनही पाहणार नाही. “मला कोणी सांगितले होते? मी खोटे बोलणार नाही, केवळ गप्प राहीन. हे पाप आहे काय?”

प्रथम एक गोष्ट स्पष्ट करू. तात्पुरती डागडुजी करणे हा अपराध नव्हे. 1971 नंतर ज्या गाडीचे उत्पादन थांबले, तिचे सुटे भाग मिळवणे सोपे नव्हते. टायरच्या तुकड्याचा बुश करणारा मिस्त्री पुष्कळदा गरजू माणसाची अडलेली गाडी घरी पोहोचवीत असतो, आणि त्याच्या बुद्धीचे आम्हांस कौतुक वाटते. रात्री रस्त्यात पट्टा तुटला आणि कोणी दोरी बांधून गाव गाठले, तर त्यात दोष कोणता? दोष दोरीत नसतो. दोरी कायमची ठेवून तिच्यावर रंग मारण्यात तो असतो. त्या गाडीत टायरचे तुकडे पाहून आम्हांस वाईट वाटले नाही. ताजे डांबर ऐकून वाटले. तुकडा अज्ञानाने किंवा अडचणीने बसवला असेल. डांबर मात्र तडा पाहिल्यावाचून कोणी फाशीत नाही. यहेज्केल संदेष्ट्याने कच्च्या भिंतीस चुना फासणाऱ्यांवर परमेश्वराचा कोप सांगितला आहे, तो भिंत कच्ची बांधली म्हणून नव्हे, तर ती पक्की भासवली म्हणून.

आता संत थोमस काय म्हणतात ते पाहू. मालातील खोट डोळ्यांस दिसणारी असेल, जसा एका डोळ्याचा घोडा, आणि किंमत त्या मानाने उतरवली असेल, तर विकणाऱ्याने ती पुकारून सांगण्याचे बंधन नाही. परंतु खोट लपलेली असेल, आणि तिच्यामुळे घेणाऱ्याचे नुकसान किंवा जिवास अपाय होण्याचा संभव असेल, तर सांगणे बंधनकारक आहे. लंगडा घोडा धावरा म्हणून विकणे, पडावयास आलेले घर भक्कम म्हणून विकणे, ही त्यांचीच उदाहरणे. ते आणखी एक पाऊल पुढे जातात: विकणाऱ्यास खोट ठाऊक नसेल तर त्याने पाप केले नाही, पण ती कळून आल्यावर नुकसान भरून देणे त्याचे कर्तव्य ठरते.

देशाचा कायदा येथे थोडा मागे थांबतो. 1872 च्या करार कायद्याच्या सतराव्या कलमात फसवणुकीची व्याख्या आहे, आणि नवल असे की तेथेही उदाहरण घोड्याचेच आहे. लिलावात कोणी सदोष घोडा काही न बोलता विकला, तर निव्वळ मौन ही फसवणूक नव्हे, असे ते कलम म्हणते. जाणूनबुजून दोष झाकणे मात्र फसवणूक आहे. तेव्हा डांबर फासणारा कायद्याच्याही कचाट्यात येऊ शकतो, आणि आमच्या मित्रांनी त्याच्याकडे आपले पैसे मागावेत, लागल्यास वकिलाचा सल्ला घ्यावा, हे आम्ही त्यांस सांगितले आहे. सुडासाठी नव्हे, न्यायासाठी.

परंतु त्या कलमातील पुढचे उदाहरण आमच्या मनात घर करून राहिले आहे. घोडा घेणारी विकणाऱ्याची स्वतःचीच नुकतीच सज्ञान झालेली कन्या असेल, तर तो सदोष असल्याचे तिला सांगणे हे त्याचे कर्तव्य होते, कारण नात्यात विश्वास गृहीत असतो. येथे कायदा आणि शुभवर्तमान यांच्यातील सीमारेषा अगदी उघडी दिसते. कायदा विचारतो, घेणारी तुझी कन्या आहे काय? प्रभू येशूने शेजारी कोण या प्रश्नाचे जे उत्तर दिले, त्यात परका उरतच नाही. समोर उभा असलेला तो बावीस वर्षांचा मुलगा कोणाचा तरी मुलगा आहे. त्याच्या शेजारीही उद्या कोणी तरी टाळ्या वाजवीत बसणार आहे.

म्हणून उत्तर असे. होय, या प्रसंगी गप्प राहणे पाप आहे, आणि लहान पाप नव्हे. कारण येथे सातव्या आज्ञेच्या पाठीशी पाचवी उभी आहे. विकला जातो तो केवळ पैशाचा तोटा नव्हे, तर जिवाचा धोका. ‘मला कोणी सांगितले होते?’ या वाक्यानेच अशी गाडी एका घरून दुसऱ्या घरी जात राहते. प्रत्येक मालक मागच्याकडे बोट दाखवतो आणि पुढच्याच्या गळ्यात ओझे अडकवतो. ही साखळी ज्याच्या हातून तुटावयाची, त्याला तोटा सोसावाच लागतो. आपल्यावर झालेला अन्याय दुसऱ्यावर करून फिटत नाही.

आणखी एक शब्द आमच्या कारागीर बंधूंसाठी. 1992 साली प्रसिद्ध झालेल्या ख्रिस्तसभेच्या धर्मशिक्षणग्रंथाने सातव्या आज्ञेचे भंग मोजताना लाच, खोटी बिले यांच्या पंक्तीस वाईट रीतीने केलेले कामही बसवले आहे. पाना हाती घेणाऱ्यास, विटा रचणाऱ्यास, आणि फळ्यापुढे उभ्या राहणाऱ्यासही हे लागू आहे. आम्हां धर्मगुरूंसही लागू आहे. घाईने उरकलेले प्रवचन हेही वरून ओले, आत कोरडेच असते. ग्राहकास उत्तम काम परवडत नसेल तर कमी काम करावे, आणि किती केले ते सांगावे. “हे आठ दिवस चालेल, पुढे नाही,” या एका वाक्यात मिस्त्रीची सारी प्रामाणिकता सामावते.

गृहिणींनी आम्हांस विचारावे की आमच्या घरी मोटार नाही, हे आम्ही कां वाचावे? त्यांनी आपल्या घराच्या चौकटीत क्षणभर डोकवावे. भावाभावांतील वाटणीचा तडा, सासूसुनेतील जुनी चीर, यांवर सणासुदीस आपणही डांबर फासतो. वरून सारे चकचकीत, आणि पहिल्या अवघड वळणावर चाक दुमडते. तेथेही ग्रीसचा गोळा उपयोगी पडत नाही. तळापर्यंत उतरणारे तेल हवे, आणि ते वेळच्या वेळी हवे.

आमच्या मित्रांनी काय केले, हे वाचक विचारतीलच. त्यांनी मिस्त्रींकडून दोषांची यादी लिहून घेतली, सात कलमांची, आणि ती त्या विद्यार्थ्याच्या हाती ठेवली. मुलाने ती दोनदा वाचली, आभार मानले, आणि तो निघून गेला. पैसे आले नाहीत. पूर्वीच्या मालकाने अद्याप उत्तर दिलेले नाही. शाळेची रक्कम पत्नीने आपल्या बांगड्या गहाण ठेवून भरली. त्यांचा रागही पुरता गेलेला नाही, आणि तो गैरवाजवी आहे असे आम्ही म्हणणार नाही. गाडी चाकांवाचून लाकडी ठोकळ्यांवर उभी आहे, आणि पैसे जुळतील तसतसा एकेक भाग नीट बसवावयाचा त्यांचा विचार आहे. पहिला भाग ट्रुनियनचा.

खरेपणाचे मोल पुष्कळदा असे घरातूनच द्यावे लागते. ते देण्याचे बळ परमेश्वर आपणां सर्वांस देवो.