घरातील संगणक आणि अदृश्य हेर

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्ट कंपनीने 'विंडोज १०' या प्रणालीची नियमित देखभाल थांबविली. नोंदणी करणाऱ्यांना सुरक्षा दुरुस्त्या आणखी वर्षभर मिळण्याची सोय ठेवण्यात आली, हे खरे. परंतु नवी 'विंडोज ११' प्रणाली कित्येक जुन्या यंत्रांवर अधिकृतपणे बसत नाही. छत्रपती संभाजीनगरसारख्या शहरात मध्यमवर्गीय घरातील एकच संगणक मुलांचे अभ्यास, परीक्षेचे अर्ज, बँकेचे व्यवहार आणि वाळूज-चिकलठाण्यातील लघुउद्योजकाचे हिशेब असा सारा भार वाहत असतो. असा संगणक दहा-दहा वर्षे वापरला जातो. ज्या यंत्रात घराचे सारे व्यवहार साठलेले, त्याचेच कुलूप जुने होत चालले आहे, याचा विचार मात्र फारसा होत नाही.

'स्पायवेअर' म्हणजे मालकाच्या नकळत संगणकात बसून हेरगिरी करणारी आज्ञावली. कळफलकावर दाबलेली अक्षरे टिपणे, पासवर्ड चोरणे, पडद्याची चित्रे बाहेर पाठविणे ही तिची कामे होत. ती केवळ माहिती नेते असेही नाही. तिच्यातील काही प्रकार संगणकाचा ताबाच परक्याच्या हाती देतात. बचाव पक्षाच्या विनंतीवरून तपासणी करणाऱ्या अमेरिकेतील 'आर्सेनल कन्सल्टिंग' या संस्थेने २०२१ मध्ये असा निष्कर्ष काढला, की भीमा-कोरेगाव प्रकरणातील आरोपी रोना विल्सन आणि नागपूरचे वकील सुरेंद्र गडलिंग यांच्या संगणकांत 'नेटवायर' नावाची आज्ञावली शिरलेली होती आणि तिच्याद्वारे बाहेरून कागदपत्रे ठेवण्यात आली. राष्ट्रीय तपास संस्थेने या अहवालावर विसंबण्यास न्यायालयात विरोध केला. त्याचा निवाडा न्यायालयच करील. सामान्य नागरिकाने त्यातून घ्यावयाचा बोध मात्र निकालावर अवलंबून नाही. हीच 'नेटवायर' दूरस्थ व्यवस्थापनाचे साधन म्हणून संकेतस्थळावर उघडपणे विकली जात असे. मार्च २०२३ मध्ये अमेरिकेच्या व क्रोएशियाच्या यंत्रणांनी ते दुकान बंद पाडले. हेरगिरी हा आता केवळ राजसत्तेचा मक्ता राहिलेला नसून बाजारात मिळणारा माल झाला आहे.

या मालाचा प्रवेश बहुधा फुकटाच्या दारातून होतो. नवा संगणक जुळवून घेताना गिऱ्हाईक घासाघीस करते, आणि चार पैसे वाचावेत म्हणून विनापरवाना प्रणाली व 'क्रॅक' केलेली आज्ञावली त्यात भरली जाते. असा 'क्रॅक' बसविताना पुष्कळदा प्रथम अँटीव्हायरस बंद करावयास सांगितले जाते. म्हणजे पाहुण्यासाठी पहारेकऱ्यालाच रजा देण्याचा प्रकार! जॉर्ज अकरलॉफ यांनी १९७० मध्ये जुन्या मोटारींच्या बाजाराचे उदाहरण घेऊन दाखविले, की विकणाऱ्याला जे ठाऊक असते ते घेणाऱ्याला नसेल तर वाईट माल चांगल्याला बाजारातून हुसकून लावतो. फुकटच्या आज्ञावलींच्या बाजाराला हे विवेचन तंतोतंत लागू पडते. घेणाऱ्याला वस्तूचे अंतरंग दिसत नाही आणि किंमत शून्य असल्यामुळे संशयही येत नाही.

उपाय अवघड नाहीत. ते नियमाने पाळावे लागतात एवढेच. प्रणालीच्या सुरक्षा दुरुस्त्या वेळच्या वेळी घ्याव्यात. ज्या यंत्राला त्या मिळत नाहीत त्यावर बँकेचे व्यवहार करू नयेत. रोजच्या कामासाठी मर्यादित अधिकारांचे खाते वापरावे. नवी आज्ञावली बसविण्याचे अधिकार असलेले खाते वेगळे ठेवावे. अनोळखी ईमेलसोबतची फाईल उघडू नये, आणि ओळखीच्या नावाने आलेली असली तरी अनपेक्षित असेल तर आधी फोनवर खात्री करून घ्यावी. महत्त्वाच्या कागदपत्रांची प्रत एरवी संगणकाला न जोडलेल्या डिस्कवर ठेवावी.

संशय आलाच, तर प्रथम इंटरनेटची जोडणी तोडावी. कुशल हेर मागमूस ठेवत नाही. तरी यंत्र अकारण मंदावणे, ब्राउझरचे मुखपृष्ठ आपोआप बदलणे ही लक्षणे दुर्लक्षिण्याजोगी नव्हेत. विंडोजमधील 'डिफेंडर'ची ऑफलाइन तपासणी यंत्र पुन्हा सुरू करून, प्रणाली पूर्ण उघडण्यापूर्वीच होते. त्यामुळे लपलेली आज्ञावली सापडण्याची शक्यता वाढते. अनोळखी आज्ञावली आणि ब्राउझरला चिकटलेली उपांगे काढून टाकावीत. तरीही खात्री नसेल, तर कागदपत्रांची प्रत घेऊन डिस्क फॉरमॅट करावी आणि अधिकृत प्रणाली नव्याने बसवावी. मात्र पैसे गेले असतील वा गंभीर गुन्ह्याचा संशय असेल, तर यंत्र पुसण्याआधी १९३० या क्रमांकावर तक्रार नोंदवून पोलिसांचा सल्ला घ्यावा, कारण तेच यंत्र पुरावाही असते. आणि सर्वांत अधिक विसरले जाणारे काम असे, की सारे पासवर्ड दुसऱ्या, निर्दोष उपकरणावरून बदलावयाचे असतात. हेर घालविला तरी त्याने नेलेली किल्ली त्याच्याकडेच राहते.

परंतु सारा भार कुटुंबावर टाकून शासनाला मोकळे होता येणार नाही. दूषित संगणक साथीच्या रोगाप्रमाणे इतरांनाही उपद्रव देतो. म्हणून त्याची स्वच्छता हे सार्वजनिक हिताचे काम ठरते. हे तत्त्व केंद्र शासनाने मान्य केलेले आहे. फेब्रुवारी २०१७ मध्ये सुरू झालेल्या 'सायबर स्वच्छता केंद्रा'तर्फे अशी साफसफाईची साधने विनामूल्य मिळतात. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६६ अन्वये अप्रामाणिक हेतूने दुसऱ्याच्या संगणकात दूषित आज्ञावली घुसविणाऱ्यास तीन वर्षांपर्यंत कारावास किंवा पाच लाख रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. साधने आहेत, कायदाही आहे. उणीव आहे ती ही दोन्ही सामान्य घरापर्यंत त्याच्या भाषेत नेऊन पोहोचविण्याची. मराठवाड्यातील महाविद्यालयांत संगणक प्रयोगशाळा आहेत, शिक्षक आहेत आणि उत्साही विद्यार्थीही आहेत. महिन्यातून एक दिवस या प्रयोगशाळा नागरिकांच्या संगणक-तपासणीसाठी खुल्या करण्यास फार मोठ्या तरतुदीची गरज नाही. विद्यापीठाने आणि पोलीस आयुक्तालयाने मिळून एवढे मनावर घेतले, तरी फुकटाच्या मोहाने गमावलेली सुरक्षितता अल्प खर्चात परत मिळविता येईल.