आद्यकर्त्याचा शोध आणि वाचकाचे उत्तरदायित्व

रोलाँ बार्त यांच्या लेखकाच्या मृत्यूवरील १९६७ मधील निबंधापासून संहितेला कर्त्यापासून मुक्त करणे हे समीक्षेने पुरोगामित्वाचे लक्षण मानले. ही मुक्ती ग्रंथालयाबाहेर कोणते रूप घेते, हा प्रश्न मात्र तिने टाळला. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील राईनपाडा येथे नाथपंथी डवरी गोसावी समाजातील पाच भिक्षेकऱ्यांना जमावाने मारहाण करून ठार केले. मुले पळवणाऱ्या टोळीची अफवा त्याआधी व्हॉट्सअ‍ॅपवरून पसरत होती. त्या संहितेला ज्ञात कर्ता नव्हता. होते ते वाचक, आणि प्रत्येक वाचक ती पुढच्याच्या हाती सोपवत होता. मारहाणीची दृश्येही त्याच वाटेने फिरली. जगण्याचा हक्क गेला, पाठोपाठ मरणाचा खाजगीपणाही.

अशा अफवांवर शासनाने योजलेला उपाय तितकाच भ्रामक आहे. २०२१ च्या माहिती तंत्रज्ञान नियमांनुसार मोठ्या संदेशसेवांनी आदेशानंतर संदेशाचा आद्यकर्ता ओळखून द्यावयाचा आहे. लेखनाला कर्ता चिकटवण्यामागे शिक्षेची गरज असते, हे मिशेल फूको यांनी १९६९ मध्येच दाखवले होते. हा नियम त्याचा पुरावाच होय. मूळ कर्ता देशाबाहेर असल्यास भारतातील पहिला प्रेषक हाच आद्यकर्ता मानावा, असे तो सांगतो. म्हणजे हा कर्ता सापडत नाही, मानला जातो. मजकूर उघडावा लागत नाही, हा बचावही लटका आहे. एकाचा माग काढता यावा यासाठी सर्वांच्या निरोपांचा माग ठेवावा लागतो. २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी एकमताने मूलभूत ठरवलेल्या खाजगीपणाच्या हक्काचा हा संकोच आहे.

माग नसेल तर अपराधी मोकाट सुटतील, असा आक्षेप घेतला जाईल. परंतु राईनपाड्यात मारणारे हात अज्ञात नव्हते. ते दिवसाढवळ्या, गावासमोर उगारले गेले. अफवेचे बळ तिच्या उगमात नसते, पुनरुक्तीत असते. जुलै २०१८ मध्ये भारतात एका वेळी पाचांहून अधिक ठिकाणी संदेश पुढे धाडण्यास व्हॉट्सअ‍ॅपने प्रतिबंध घातला. उपाय तोकडा होता, तरी त्याची दिशा योग्य होती. कोणाचेही पत्र न फोडता त्याने पुनरुक्तीला आवर घातला.

पुढे पाठवणे ही निष्क्रिय वाचनाची खूण नव्हे, ती कृती आहे. वाचकाच्या जन्माचा सोहळा करणाऱ्या समीक्षेने आता त्याचे उत्तरदायित्वही मांडले पाहिजे. ते काम तिने टाळले, तर पोलिसी नियम ते आपल्या पद्धतीने करतील.