टायरची जन्मतारीख

टायर जोखायची आपली एक ठरलेली रीत आहे. चाकापुढे उकिडवं बसायचं, बोटाने नक्षी चाचपायची आणि निकाल द्यायचा, ‘अजून दोन वर्षं आरामात जातील.’ रोज पळणाऱ्या जीपला, ट्रकला ते बरंचसं लागू पडतं, कारण त्यांचे टायर झिजून संपतात. मी ह्यूस्टनला राहतो आणि सुट्टीत पिकअपमागे ट्रॅव्हल ट्रेलर लावून निघतो. पलंग, शेगडी, संडास असं सगळं आत असलेली ही चाकांवरची खोली. या वाहनाला ती रीत लावणं धोक्याचं आहे, हे माझं ठाम मत आहे. ट्रेलरचा टायर गोटा होण्याआधीच म्हातारा होतो.

ट्रेलर वर्षातले बहुतेक दिवस अंगणात नाहीतर भाड्याच्या जागेत उभा असतो. रबराला ओझोनपासून जपणारी द्रव्यं त्यात मिसळलेली असतात आणि टायर फिरताना, दबताना ती पृष्ठभागावर येत राहतात. उभ्या टायरला हे संरक्षण पुरेसं मिळत नाही, वर टेक्सासचं ऊन. नक्षी कोरीव दिसते, पण आतले थर एकमेकांना सोडू लागलेले असतात. शिवाय दोन आसांचा ट्रेलर अरुंद जागेत वळवला की चारही चाकं आडवी फरफटतात. पेट्रोलपंपावर तो ताण टायरच्या बाजूवर चक्क दिसतो.

एका कॅम्पग्राउंडवर शेजारच्या ट्रेलरचा टायर वाटेत फुटला होता. सुटलेल्या पट्ट्याने चाकावरचा पत्रा कापडासारखा फाडला होता, सांडपाण्याची नळी तोडली होती आणि ब्रेकच्या वायरी लोंबत होत्या. मालक पुन्हा पुन्हा त्याच बाजूच्या दुसऱ्या चाकाकडे बोट दाखवून म्हणत होता, ‘नक्षी बघा ना, नवीकोरी आहे!’ मला काळजी त्या दुसऱ्या चाकाचीच वाटत होती. जोडीदार फुटल्यावर त्या बाजूचा जवळजवळ सगळा भार त्यानेच वाहिला होता. तो टायरही बदलायलाच हवा होता.

म्हणून टायर घेताना मी आधी तारीख बघतो. बाजूवर ‘डीओटी’ या अक्षरांनी सुरू होणारी ओळ असते, तिच्या शेवटी चार आकडे. २३१९ म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा. पुष्कळदा ही बाजू आत वळवून बसवलेली असते, मग ट्रेलरखाली आडवं होऊन मोबाइलने फोटो काढावा लागतो. दुकानात मी चारही टायर रिमवर चढवण्याआधी बाहेर मागवतो आणि स्वतः वाचतो. काउंटरवरच्या पोराचा चेहरा कसनुसा होतो, होऊ दे. गोदामात दीड-दोन वर्षं पडलेला टायर ‘नवा’ म्हणून घ्यायला मी तयार नसतो. आणि तारखेपासून पाच वर्षं झाली की कितीही देखणा असला तरी तो उतरवतो. बायको याला उधळेपणा म्हणते.

दुसरी गोष्ट वजनाची. ट्रेलरच्या टायरवर ‘एसटी’, म्हणजे ‘स्पेशल ट्रेलर’, लिहिलेलं असतं आणि किती भार पेलेल त्याची श्रेणी ‘डी’, ‘ई’ अशा अक्षराने दिलेली असते. २२५/७५ आर १५ या मापाचा ‘डी’ टायर ६५ पीएसआय हवेवर २५४० पौंड, म्हणजे साधारण ११५० किलो पेलतो. त्याच मापाचा ‘ई’ टायर ८० पीएसआयवर २८३० पौंड. फरक थोड्या डॉलरांचा, म्हणून मी ‘ई’च घेतो. मात्र रिम आणि व्हॉल्व्ह तेवढ्या दाबाचे आहेत ना, हे आधी पाहावं लागतं. फ्रिज, पाण्याची टाकी, कपाटं सारखी वाटलेली नसतात, त्यामुळे कागदावरच्या वजनावर विसंबू नये. भरलेला ट्रेलर ट्रकवाल्यांच्या वजनकाट्यावर नेऊन बघावा. आणि हवा भरावी ती सकाळी, टायर थंड असताना, पूर्ण. हादरे कमी बसावेत म्हणून हवा कमी ठेवणाऱ्यांना मी हात जोडतो.

चिनी टायरना इथे ‘चायना बॉम्ब’ म्हणतात. मला ते अर्धसत्य वाटतं, कारण जुना, कमी हवेचा, जादा लादलेला टायर कुठल्याही देशाचा फुटतो. तरी मी २०१७ साली बाजारात आलेला, अमेरिकेतच बनणारा गुडइयर एन्ड्युरन्स वापरतो. पैसे जास्त गेले, झोप चांगली लागते.

खरा राग आहे तो कायद्यावर. २००० साली फायरस्टोनने ६५ लाख टायर परत मागवले, त्यानंतर अमेरिकी संसदेने नवा कायदा केला आणि मोटारींच्या टायरच्या चाचण्या कडक झाल्या. ट्रेलरचे ‘एसटी’ टायर त्या नव्या मानकातून वगळले गेले. हवा कमी झाल्याची सूचना देणारी यंत्रणा २००७ पासून नव्या मोटारींना सक्तीची झाली, ट्रेलरला नाही. ज्या टायरवर वेगाची मर्यादा छापलेली नसते तो ताशी ६५ मैलांसाठीच धरायचा असतो, आणि पश्चिम टेक्सासात आय-१० महामार्गावर पाटी आहे ८० मैलांची! कॅलिफोर्नियात ट्रेलर ओढणाऱ्याला ५५ची मर्यादा आहे, तेच शहाणपणाचं. मी साठच्या वर जात नाही. मागचे हॉर्न मारतात.

हे मराठी वर्तमानपत्रात लिहायचं कारण आहे. महाराष्ट्र सरकारने २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं. पावसाळाभर आणि नंतर कडक उन्हात उभ्या राहणाऱ्या या गाड्या भाड्याने फिरतील. परवाना देताना प्रत्येक टायरचे ते चार आकडे नोंदवून घ्यावेत आणि भाड्याच्या पावतीवर छापावेत, अशी माझी सूचना आहे. भारतातल्या टायरवरही आठवडा आणि साल असतंच, खर्च शून्य. भाड्याने घेणाऱ्यानेही विचारावं, आणि विचारताना स्टेपनी विसरू नये. ती रस्त्याला कधी लागलेलीच नसते, म्हणून चार टायर बदलले तरी तिच्याकडे कुणी बघत नाही, आणि बहुधा ती गाडीच्याच वयाची निघते.