येळवसची रजा

"तुमचं बरं आहे बुवा, शिक्षकांना सुट्ट्याच सुट्ट्या!" हे वाक्य मी आयुष्यात पन्नास वेळा तरी म्हटलं असेल. त्यातलं निम्म्या वेळा माझ्या सख्ख्या बहिणीला. ती दर वेळी "हो रे बाबा, मज्जाच आहे आमची" म्हणून विषय बदलायची. २०२४ च्या डिसेंबरपासून मी ते वाक्य बंद केलं आहे. का, ते सांगतो.

आधी ताईबद्दल. आम्ही मूळचे लातूर जिल्ह्यातले, औसा तालुक्यातले. ताई २०१० साली शिक्षणसेवक म्हणून लागली ती जव्हार तालुक्यात, पार दुसऱ्या टोकाला. मानधन महिना तीन हजार रुपये. (त्याच वर्षी मला कॅम्पसमधून नोकरी लागली आणि माझं पहिल्या महिन्याचं फोनबिलच किती आलं ते मी घरी सांगितलं नव्हतं.) तेव्हा जव्हार ठाणे जिल्ह्यात होतं. १ ऑगस्ट २०१४ ला पालघर जिल्हा झाला आणि ताईचा जिल्हा बदलला, शाळा तीच. घरी आण्णा सगळ्यांना सांगत होते, "बाईची बदली झाली!" :)

शाळा पहिली ते चौथी, शिक्षक दोन. दाजी भिवंडीला गोडाऊनमध्ये सुपरवायझर. ते शनिवार-रविवार जव्हारला येतात. त्यामुळे "घर" म्हणजे नक्की कुठलं, हा प्रश्न तिच्याकडे जरा किचकट आहे. पण "घरी चाललेय" असं ती म्हणते तेव्हा मात्र ते एकच असतं, औशाजवळचं.

आता येळवस. पुण्या-मुंबईच्या मंडळींना सांगावं लागेल. मार्गशीर्ष अमावस्येला आमच्याकडे, म्हणजे लातूर, धाराशिव आणि आजूबाजूच्या पट्ट्यात, वेळ अमावस्या असते. बोलीत येळवस. त्या दिवशी गावात कुणी नसतं, सगळे रानात. कडब्याची कोप करायची, त्यात पाच दगड चुन्यानं रंगवून पांडव मांडायचे, पूजा करायची आणि मग जेवायचं. भज्जी (ही तुमची कांदाभजी नव्हे! हरभरा, तूर, वाटाणा, वाल, हाती लागेल ती भाजी, सगळं बेसन आणि चिंचेत एकत्र शिजवलेलं), बाजरीचे उंडे, गव्हाची खीर, आणि मडक्यातलं आंबील. रस्त्यानं जाणाऱ्या अनोळखी माणसालाही हाका मारून बसवतात. लातूर शहरात त्या दिवशी बंद पुकारल्यासारखा शुकशुकाट असतो. ज्यांना शेत नाही ते मित्राच्या शेतात जातात. आमच्याकडे दिवाळीला नाही आलास तर चालतं, येळवसला नाही आलास तर विचारतात.

लातूरचे जिल्हाधिकारी येळवसला स्थानिक सुट्टी देतात. प्रत्येक जिल्ह्याला वर्षातून अशा तीन स्थानिक सुट्ट्या देता येतात. पालघरला अर्थातच येळवसची सुट्टी नाही, आणि का असावी? तिथं कुणाला हे माहीतच नाही. म्हणजे मराठवाड्यातून तिकडे शिकवायला गेलेल्यांना सोडून. आणि असे बरेच आहेत. कोकणातल्या जिल्हा परिषदांच्या शाळांत मराठवाडा-विदर्भातले शिक्षक किती, हे कुठल्याही शिक्षकाला विचारा.

तर २०२४ ची येळवस ३० डिसेंबरला, सोमवारी आली. नोव्हेंबरातच ताईचा फोन. "या वर्षी मी येणार. काहीही होऊ दे." मी म्हटलं, "बघतो, रिलीज आहे." मग लक्षात आलं, रिलीज नाहीये, क्लायंट ख्रिसमसच्या सुट्टीवर आहे. गावातल्या सणाला जायची सोय मला ख्रिसमसनं करून दिली. असो.

तिचा प्लॅन ऐका. शनिवारी सकाळची शाळा करायची. जव्हारहून एसटीनं कल्याण. रात्री लातूरची गाडी, तिकीट वेटिंग. रविवारी सकाळी लातूर, तिथून औसा, तिथून गाव. सोमवारी येळवस, किरकोळ रजा. सोमवारी रात्री परत गाडी. मंगळवारी सकाळी कल्याण, पुन्हा एसटी, दुपारी शाळा, अर्धी रजा. दीड रजेत तिनं जाऊन-येऊन हजारेक किलोमीटरचा प्रवास बसवला होता. मी इतकं काटेकोर शेड्युलिंग कामातही करत नाही.

मी विचारलं, "अगं पण दिवाळीला आलीस ना आत्ताच? आणि मे महिना अख्खा असतो की."

मग तिनं मला २०२४ चा हिशेब सांगितला. पालघरचं लोकसभेचं मतदान २० मे ला होतं. म्हणजे प्रशिक्षण, साहित्य, मतदान केंद्र, सगळं उन्हाळी सुट्टीत. विधानसभेचं मतदान २० नोव्हेंबरला, म्हणजे त्याचं प्रशिक्षण दिवाळीच्या आगेमागे. शाळांना रविवार सोडून वर्षाला जास्तीत जास्त ७६ सुट्ट्या देता येतात. ऐकायला आकडा मोठा आहे. पण त्यातली एकही तारीख तिनं ठरवलेली नसते. उरलेली किरकोळ रजा, ती आजारपणाला, बँकेला, दाजींच्या घरच्या लग्नांना. नोकरदारांना साठवता येते तशी अर्जित रजाही सुट्टीवाल्या खात्यांना मिळत नाही. सुट्टीत कामाला लावलं तरच त्या बदल्यात काही जमा होते, आणि तिच्यासाठी कागदांचा पाठलाग करावा लागतो.

माझ्याकडे वर्षाला बावीस रजा आहेत. तिच्या एक तृतीयांशसुद्धा नाहीत. पण त्या मी कुठल्याही दिवशी टाकू शकतो. पोर्टलवर दोन क्लिक. आणि मी शेवटचा येळवसला कधी गेलो होतो? सात वर्षांपूर्वी.

रविवारी मी पुण्याहून पोचलो तेव्हा ताई ओसरीवर बसली होती आणि तिच्याभोवती तिच्या वर्गातल्या तिघी जणी. भूकंप झाला, ३० सप्टेंबर १९९३ ला, तेव्हा या सगळ्या तिसरीत होत्या. आमच्या गावात किल्लारीसारखं झालं नाही, पण शाळेच्या भिंतींना तडे गेले आणि पुढची काही वर्षं शाळा पत्र्याच्या शेडमध्ये भरली. त्या शेडमधली ही मैत्री. एक आता अंगणवाडीत आहे, एक शिवणकाम करते, तिसरी शेजारच्या गावात दिली आहे. दर येणाऱ्या-जाणाऱ्यानं ताईला एकाच दमात दोन प्रश्न विचारले, "कवा आलीस गं? कवा जाणारीस?" मी मोजलं, अकरा वेळा. कुणाचाही वाईट हेतू नाही. पण दुसरा प्रश्न आला की ताईचा चेहरा एक सेकंद बंद पडायचा. अंगणवाडीवाली एकटीच असं काही विचारत नव्हती. ती म्हणाली, "तू उद्या भज्जीत मीठ जास्त टाकू नको, मागल्या वेळी टाकलतीस." मागल्या वेळी म्हणजे कॉलेजात असताना. मध्ये जणू काही झालंच नाही.

सोमवारी रानात. आण्णांना आता नीट दिसत नाही, एका डोळ्याचं ऑपरेशन झालंय, दुसऱ्याचं टाळत आहेत. तरी कोप त्यांनीच बांधून घेतली, "पेंडी तिरपी झाली", "खाली दाब" अशा सूचना देत. ताईनं पांडवांना चुना लावला. जेवणं झाल्यावर आण्णा म्हणाले, "औंदा शेवटचं बरं का बाई. फुडच्या वर्सी बटईनं देऊन टाकावं म्हनतो." सोयाबीनचा हमीभाव ४,८९२ रुपये आणि बाजारात चार हजाराच्या आसपास, मजूर मिळत नाही, मी पुण्यात. यात वाद घालण्यासारखं काहीच नव्हतं. ताईला हे आधीपासून माहीत होतं. म्हणूनच ते "काहीही होऊ दे".

मग मी माझा आवडता सल्ला दिला. "तू आंतरजिल्हा बदली घे ना. आता सगळं ऑनलाईन आहे." (२०१७ पासून या बदल्या ऑनलाईन झाल्या. एका सॉफ्टवेअरवाल्याचा भाबडा समज, की ऑनलाईन झालं म्हणजे सुटलं.) ताईनं आंबिलाचा पेला खाली ठेवला आणि समजावून सांगितलं. जिल्हा परिषदेची सेवाज्येष्ठता जिल्ह्यापुरती असते. लातूरला आलं की चौदा वर्षं पुसली जाणार, यादीत सगळ्यात खाली. लातूरला जागा निघायला हवी, ती तिच्या प्रवर्गात हवी. आणि पलीकडे तिची शाळा. पहिलीतली पोरं वारली बोलतात. ती त्यांच्याशी त्यांच्या भाषेत बोलायला लागली त्याला तीन वर्षं गेली. नवा माणूस आला की पुन्हा शून्यापासून. "आणि तो पण माझ्यासारखाच कुठला तरी लांबचा असणार. मग त्याची बहीण त्याला बदली घे म्हणणार!"

मला यावर उत्तर सुचलं नाही, आणि अजूनही बदली हा यावरचा उपाय आहे असं वाटत नाही. सगळे आपापल्या जिल्ह्यात परत गेले तर जव्हारला कोण जाणार? माझं म्हणणं त्याहून लहान आहे. त्या ७६ मधले दोन दिवस शिक्षकाच्या हातात द्या. जूनमध्येच त्यानं तारखा लिहून द्यायच्या. केंद्र सरकारच्या कर्मचाऱ्यांना यादीतून दोन वैकल्पिक सुट्ट्या निवडता येतात, मग हे अशक्य आहे असं कुणी म्हणू नये.

तुम्ही म्हणाल, किरकोळ रजा होती की, गेली ना ती? गेली. पण ती मागावी लागते, आणि दोन शिक्षकांच्या शाळेत ती दुसऱ्याच्या तब्येतीवर अवलंबून असते. एक गेला की दुसऱ्यापुढे चार इयत्ता. हा आक्षेप खरा आहे, पोरांचं नुकसान करून सण नको. पण आमच्याकडे सर्व्हर सहा महिने आधी सांगून बंद करतात आणि अचानक पडतो, यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. तारीख जूनला माहीत असेल तर केंद्रातल्या दहा-बारा शाळांमधून एक जादा माणूस त्या दिवशी तिथं पाठवता येतो. केंद्रप्रमुखाला एका कागदावर करता येईल, सॉफ्टवेअर लागत नाही. (हे मी लिहितोय, नोंद घ्या.)

आणि खरं सांगायचं तर हा प्रश्न फक्त शिक्षकांचा नाहीच. ताई सांगत होती, दिवाळीची सुट्टी संपते आणि शाळा उघडते तेव्हा वर्ग अर्धे झालेले असतात. आईबाप वीटभट्ट्यांवर गेलेले, भिवंडीकडे, वसईकडे, आणि पोरं त्यांच्याबरोबर. ती परत गावात दिसतात शिमग्याला, कारण तिकडचा मोठा सण होळी. मग काही दिवस वर्ग भरतो, मास्तरीण पाठ घेते, आणि पुन्हा रिकामा. त्या पोरांच्या घरी जाण्याच्या तारखा आणि शाळेच्या सुट्टीच्या तारखा यांचा काही संबंध नाही. "ती पोरं आणि मी, दोघंही चुकीच्या दिवशी शाळेत असतो," असं ती हसत म्हणाली.

सोमवारी रात्री मी तिला लातूर स्टेशनवर सोडलं. बर्थ कन्फर्म झाला नव्हता, आरएसीवर अर्धी सीट मिळाली. मंगळवारी, ३१ डिसेंबरला, दुपारी दीडला मेसेज आला, "पोचले. तिसरीची पोरं विचारतायत कुठं गेली होतीस."

२०२५ ची येळवस १९ डिसेंबरला, शुक्रवारी होती. ताईच्या जोडीदार गुरुजींना त्याच आठवड्यात टायफॉईड झाला, त्यामुळे प्रश्नच मिटला. मी गेलो. शेत बटईनं दिलं आहे, पण बटईदारानं आण्णांना कोपेच्या वेळी बोलावून घेतलं आणि त्यांच्या सूचना मुकाट्यानं ऐकल्या. अंगणवाडीवाली विचारत आली, "ती न्हाई आली?" आणि पदराखालून डबा काढला. भज्जी काही टिकत नाही, ती मीच खाल्ली. उंडे टिकतात. ते पुण्याहून कुरियर केले. जव्हारला पोचायला पाच दिवस लागले, आणि त्यातले दोन गुरुजींना दिले म्हणाली.