"नुसतं सर्वेक्षण" म्हणू नका



परवा आंब्याच्या चार पेट्या घेऊन तुतारी एक्सप्रेसने दादरला उतरलो. रानडे रोडला जुन्या गिऱ्हाइकाकडे चहा झाला. त्यांनी विचारलं, "काका, जैतापूरला अजून एक भट्टी नाही. नुसतं सर्वेक्षण आणि भिंत. मग एवढी ओरड कशाला?"

ह्या "नुसतं" वरच माझा राग आहे. शेजाऱ्याने बांध सरकवला तर आपण "नुसता बांध" म्हणतो का? बांध एका रात्रीत सरकतो, कोर्टात मात्र दोन पिढ्या जातात.

माडबनला काय झालं बघा. ९३८ हेक्टरचं भूसंपादन जानेवारी २०१० मध्ये उरकलं. लोकांचं ऐकायची जनसुनावणी झाली १६ मे २०१० ला. पर्यावरण मंजुरी आली २८ नोव्हेंबरला, ३५ अटी घालून. म्हणजे पेरणी झाल्यावर विचारलं, बी कुठलं टाकू?

आता कचऱ्याचं ऐका. भट्टीतलं वापरलेलं इंधन आधी तिथल्याच पाण्याच्या टाकीत वर्षानुवर्षं थंड करतात. सौम्य कचरा त्याच आवारात पुरतात. सगळ्यात जहाल कचरा काचेत कोंडून तारापूरला ठेवतात. तो कायमचा खोल पुरायची जागा आपल्या देशात अजून नाही. म्हणजे भट्टीचं कुंपण पडलं की कचऱ्याच्या कोठाराचंही पडलं. आणि तारापूर दादरपासून शंभरेक किलोमीटरच आहे, साहेब.

२००६ ची अधिसूचना सांगते, मंजुरीआधी बांधकाम नको, जमीन तयार करणंही नको. सूट फक्त जमीन सुरक्षित करायला. पण ह्यावर नजर ठेवणार कोण? किरणोत्साराची सुरक्षा बघणारं नियामक मंडळ वर्षानुवर्षं अणुऊर्जा आयोगाला उत्तर देत आलं, आणि आयोगाचा अध्यक्ष अणुऊर्जा खात्याचाच सचिव. राखणदार आणि मालक एकाच घरचे!

फिनलंडमध्ये असं कोठार करताना यूराजोकी गावाला नकाराचा हक्क होता. गावाने जानेवारी २००० मध्ये होकार दिला, खोदाई २००४ ला सुरू झाली. आधी ठराव, मग कुदळ.

आमचं मागणं तेवढंच. पहिली बोअर मारायच्या आधी विहिरीचं पाणी, माती, खाडीची मासळी तपासा. नोंद मराठीत करा, एक प्रत ग्रामसभेकडे द्या. तपासणारा अणुऊर्जा खात्याबाहेरचा हवा. ही नोंद नसेल तर उद्या पाणी बिघडल्यावर "ते आधीपासून तसंच होतं" म्हणतील, आणि आपल्या हातात पुरावा काय? नुसती बोंब.

विजेला माझा विरोध नाही, माझा पंपही विजेवरच चालतो. पण कोंबडं झाकून सूर्य उगवायचा थांबत नाही, तसे प्रश्न भिंतीआड घालून मिटत नाहीत.

पटलं तर मुंबईतल्या आपल्या चाकरमान्यांना पाठवा. त्यांच्याही जमिनी इथेच आहेत.